सारवलेली मोटार

एक होते आमचे मालक, नाव नाई घेत मी. एक होती मी, अन् तिसरी आमची बुढी लहानशी मोटार. पोंभुर्ण्याहून चांद्याले सवाऱ्या नेऊन आमचं पोट चाले. दरसाल आरटीओचा साहेब तिले तपासून पास करे, तवाच ते रस्त्यावर चाले.

एका साली मागचा पायाखालचा पत्रा सडला अन् भोकातून रस्ता दिसू लागला.

मालक म्हणे, "आता साहेब गाडी बंद करते. पोटासाठी मी चाललो जंगलात बांबू तोडाले."

मी म्हटलं, "घराची भुई फुटली तं काय घर सोडता?"

भोकावर बांबूची तट्टी टाकली, वरून शेणामातीनं सारवलं. हात वळणावर गेला, तं रांगोळीही काढली.

तपासणीच्या दिवशी साहेबानं मागचं दार उघडलं. "बाई, हे काय?"

"लक्ष्मी हाय जी आमची. जोडे घालून चढता का तिच्यावर?"

साहेबानं जोडे काढले. रांगोळी मोडू नये म्हणून सीटवर मांडी घालून बसला. मालकानं गाडी फिरवली, ब्रेक दाबला, भोंगा वाजवला. साहेब म्हणे, "पास!"

त्या साली सवाऱ्या मावेनात, दिवाळीले नवा पत्रा बसला. गावात एकच बोलणं, "जिच्यात साहेब जोडे काढून बसते, ते मोटार मजबूतच असन!"