अनौरस, बाप अज्ञात

नाही मास्तर, बसत नाही – गिब बाहेर गाडीपाशी थांबलाय. डंडी शहरात चाललोय आम्ही, मायलेक दोघंच, तिथं तागाच्या गिरणीत काम मिळतं म्हणतात – पण चर्चचा चालचलणुकीचा दाखला, तुम्ही लिहिता तो, नसला तर दारात कोण उभं करणार? वॉल्टर? नवरा नाही येत माझा. का म्हणजे – तुमच्या कानावर आलं नाही? तुमच्याच हातचे शब्द आहेत, बाप्तिस्म्याच्या वहीतले, आमच्या गिबच्या नावचे – 'गिल्बर्ट, एफी गाउचा मुलगा, अनौरस, बाप अज्ञात.' तुम्ही म्हणालाही होतात, एफी, नाव सांग, मग 'अमक्याचा लग्नाबाहेरचा पुत्र' असं लिहितो, तेवढंच बरं दिसतं. मी तोंड उघडलं नाही. सगळ्यांसमोर चर्चमध्ये उभं केलंत, तरी नाही. आणि वॉल्टर समोरच्याच बाकावर होता हो, टोपी मांडीवर घेऊन. नाव घेतलंस तर मालक मला हाकलील, म्हणाला होता, जरा जम बसला की लग्न करू. केलंही – शब्दाचा पक्का म्हणून किती मिरवलं मी! आईबापांचं लग्न लागलं की आधीचं पोरही कायद्यानं औरस होतं, हे तुम्हीच सांगितलंत – मग वहीतलं ते खोडून घ्यायला मी कशाला येते?

परवा जमीनदाराचा कारभारी आला, आमच्या शेताचा खंडाचा करार नवा करायला. थोरल्याच्या नावानं ना, त्यानं विचारलं. आता धाकट्या रॉबीचं लग्न ठरलंय त्या कारभाऱ्याच्याच पुतणीशी – आलं ध्यानात? मी टेबलावर लोणी ठेवत होते. वॉल्टर म्हणाला, अगदी शांतपणे म्हणाला, 'थोरला माझा नाही. तो हिनं आणलेला. चर्चची वही बघा.' गिब तिथंच उभा होता – तेच नाक, तीच चाल, आंधळ्यालाही कळेल कोणाचं पोर ते. रॉबीनं मान खाली घातली. मी म्हटलं, 'वॉल्टर, माझ्याकडे बघून बोल.' नाही बघितलं. ओटची भाकरी मोडत राहिला.

गिबनं मला एकदाच विचारलं, खरं काय ते. सांगितलं. म्हणाला, 'म्हणजे तू त्याला वाचवलंस.' बस, एवढंच, आणि घोड्याला पाणी पाजायला गेला. वीस वर्षं मी ते गप्प राहणं दागिन्यासारखं जपलं – आणि वॉल्टरनं तेच माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून काढलं. आज सकाळीसुद्धा त्याची पेज झाकून ठेवून आले मी – हे तुम्हाला कशाला सांगितलं, कोण जाणे.

नको, वही नका काढू. आता बापाचं नाव घालता? कोणाला हवंय ते? दाखला तेवढा लिहा. एफी गाउ – वॉल्टर मिल्नची बायको वगैरे नको. खाली, मुलगा गिल्बर्ट गाउ. हो, गाउच, त्यानंच सांगितलंय. नुसतं मुलगा. त्याच्या आधी काही लावू नका, मागंही नको.

झालं? शाई ओली असू दे. द्या तसाच.