बंदरातलं लोखंड

मोल्पिस: बघ ताई, आलं वर! हे लोखंड समुद्रातून वर येईपर्यंत अथेन्सशी मैत्री, अशीच शपथ घेतली होती ना आपण? आलं. संपली मैत्री.

निकांद्रा: आलं कसलं? गॉर्गोसच्या कमरेला दोर बांधून खाली सोडलास, त्यानं काखोटीला मारून आणलं. गावचा प्रमुख तू, आणि स्पंज काढणाऱ्याला देवांना फसवायच्या कामाला लावतोस.

गॉर्गोस: मला तर हुकूम झाला, बाई. फक्त एक सांगतो, मालक. खाली असले गोळे बरेच आहेत. अथेन्सचा नेमका कुठला, ते काही कळलं नाही.

मोल्पिस: बरेच? ते कुठून आले?

निकांद्रा: कुठून काय! आपल्या आबांनी टाकलेले, त्यांच्या आबांनी टाकलेले. या गावानं ज्याला ज्याला कायमचं वचन दिलं, ते सगळं खाली गंजत पडलंय.

मोल्पिस: कुठलाही चालेल. स्पार्टाचा वकील तह करायला येऊन धक्क्यावर उभा आहे, त्याला काय कळतंय? तू फक्त देवळातला विस्तव आण. डुक्कर बांधून ठेवलंय. बळी दिला, शपथ झाली, की आपण स्पार्टाचे.

निकांद्रा: आणि माझा दामिस कुणाचा? माझ्या मुलाला ओलीस म्हणून अथेन्सला तूच धाडलंस. मानाची गोष्ट आहे ताई, म्हणालास. इथल्या शपथेची बातमी तिथे पोचली की त्याचा गळा कापतील.

मोल्पिस: छे गं. अथेन्सची माणसं सुसंस्कृत आहेत.

निकांद्रा: काल सभेत तर दरोडेखोर होती.

मोल्पिस: ते सभेत बोलायचं असतं. तुला राजकारण नाही कळायचं. शेजारचे उद्या स्पार्टाकडे जाणार. त्यांच्या आधी आपण गेलो, तर टेकडीवरचं कुरण आपलं.

निकांद्रा: म्हणजे माझं पोर शेळ्यांच्या चाऱ्यासाठी. निदान लाज वाटून काहीतरी मोठं कारण सांगायचंस.

मोल्पिस: नंतर रड. आधी विस्तव आण.

निकांद्रा: विस्तव नाही.

मोल्पिस: नाही म्हणजे?

निकांद्रा: विझवला. सकाळी घागर ओतली त्याच्यावर.

मोल्पिस: वेड लागलंय तुला? हेरादेवीचा विस्तव विझू देणाऱ्या पुजारिणीला गाव हाकलून देतं!

निकांद्रा: गाठोडं बांधून ठेवलंय.

मोल्पिस: घरच्या चुलीतून आणतो मी.

निकांद्रा: आण की. आणि चुलीवरची शपथ चालेल का, विचार त्या वकिलाला. ही माणसं शकुन बघितल्याशिवाय उंबरासुद्धा ओलांडत नाहीत. देवीचा नवा विस्तव डेलॉसच्या पवित्र बेटावरूनच आणावा लागतो.

मोल्पिस: डेलॉसभोवती अथेन्सची गलबतं आहेत!

निकांद्रा: हो ना. मग जा, त्यांच्याशी गोड बोल. विचारतील, विस्तव कशाला हवा? सांग काहीतरी. खोटं बोलायला तुला कुठे शिकवावं लागतं.

गॉर्गोस: मालक, तो वकील इकडेच यायला लागलाय. गोळ्याचं काय करू?

मोल्पिस: टाक! परत पाण्यात टाक. लांब नको, इथंच, कडेला.

निकांद्रा: खोल टाक, गॉर्गोस. दामिस घरी येईपर्यंत तरी वर यायला नको.