बॅटरीवाल्याचा नैवेद्य

मशीन वायरचं घ्यावं की बॅटरीचं, हे मला नका विचारू. काशीदला आमच्या संतोषच्या आईला विचारा.

संतोषचं गॅरेज किनाऱ्याच्या रस्त्यावर. चाकाचे नट खोलायला त्याने हौसेने बॅटरीचं मशीन घेतलं आणि चार्ज करायला हमखास विसरायचा. मी सारखा म्हणायचो, "तुझ्यासारख्याने वायरवालंच घ्यावं रे!"

खंडेनवमीला सगळी हत्यारं हळदकुंकू लावून पूजेत मांडलेली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. आणि नेमका एक पाहुणा धापा टाकत आला. गाडी पुळणीवर पंक्चर, खाऱ्या हवेने नट गंजलेले, पाना नुसता घसरतोय, वर भरती चढतेय. तिथवर वायर पोचणार कशी? संतोष पूजेकडे बघत नुसता उभा.

आई आतून ओरडली, "बघतोस काय? देव न्हाय बुडायचा, त्याची गाडी बुडंल. उचल ते मशीन!"

"आये, काल दिसभर वापरलंय. चार्जिंग न्हाय त्यात."

"उचल म्हणते ना!"

आम्ही पळालो. झेंडूच्या पाकळ्या उडवत ते मशीन असं काही गरगरलं की लाट टायरला लागायच्या आत चाक बदलून गाडी वर!

परत येऊन संतोषने विचारलं, "आये, चार्ज कुणी केलं?"

म्हातारी फुलं पुन्हा मांडत म्हणाली, "बाकीच्यांना खीरपुरी दाखवली. ह्याचं पोट लायटीवर भरतं, म्हणून सकाळीच चार्जरला लावलं. पूजेला बसवायचं आणि उपाशी ठेवायचं व्हय?"