हरायला बसलेली टेकडी

...नाही हो, घोड्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही! घोडा बिचारा सालस. एरवी तो पोरांच्या वाढदिवसाला भाड्यानं जातो, शेपटीला फुगे बांधले तरी हूं की चूं करत नाही. माझी तक्रार आहे ती त्या बोटाबद्दल! तुम्हाला सांगतो, आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या या टीचभर गावात, कोर्टासमोर, जनरल टॅलमेजचा पुतळा आहे. उजवा हात पुढे, तर्जनी टेकडीकडे. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन यादवी युद्धात त्यानं ते बोट दाखवलं, पलटण धावली, टेकडी सर झाली. मामला खतम! आता मधे डोनटचं दुकान उभं राहिल्यामुळे साहेब डोनट मागतायत असं वाटतं, ते सोडा.

तर दर जुलैत आमचं गाव ती लढाई पुन्हा लढतं. बार खोटे, घाम खरा. आणि यंदाचा टॅलमेज कोण? मी! का? तर म्हणे इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, आणि दाढी घरची. मी समितीच्या अगाथाबाईंना म्हटलं, "अहो, मला हॉटेलात सूप मागवावं की सॅलड हेसुद्धा ठरवता येत नाही!" तर चष्म्यावरून बघत म्हणतात कशा, "मर्विन, आढेवेढे पुरेत. सेनापतीला काय, नुसतं बोट दाखवायचं असतं!"

नुसतं बोट!

लढाईच्या दिवशी सकाळी मी लोकरीच्या कोटात शिजत उभा, तोच नेटी आली. नेटी म्हणजे माझ्या शेजाऱ्याची, हार्लनची बायको. हार्लन आमच्या पलटणीचा झेंडेवाला, आणि झेंडेवाला कायम सगळ्यांच्या पुढे. वसंतात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. नेटी हळूच म्हणाली, "प्रोफेसर, तो माझं ऐकत नाही, डॉक्टरचं तर नाहीच नाही. पण तुम्ही सेनापती. तुमचा हुकूम ऐकेल. त्याला टेकडी चढवू नका." ती गेली नाही तोच हार्लन हजर! "मर्व्या, ती काय म्हणाली ते ठाऊक आहे मला. मला मागे ठेवलंस ना, तर आपली दोस्ती संपली. माझ्या बापानं हा झेंडा वर नेलाय." आता सांगा, मी काय करायचं? दोघांनाही म्हटलं, "बघतो." सेनापतीनं "बघतो" म्हणायचं असतं का हो?

दुपारी मी घोड्यावर. समोर टेकडी, डोक्यावर ऊन असं की कढईत पडल्यासारखं. मी वाकून हार्लनला विचारलं, "गोळ्या आहेत ना खिशात?"

"कसल्या?"

"हृदयाच्या!"

"घरी राहिल्या."

"घरी?"

"अरे, प्लास्टिकची डबी! यादवी युद्धात प्लास्टिक होतं का?"

ऐकलंत? आमच्या पलटणीचा नियमच तसा. जे तेव्हा नव्हतं ते रणांगणावर नाही. घड्याळ नाही, पाण्याची बाटली नाही. या नियमापायी माणूस आपला जीव घरी फडताळात ठेवून आला होता!

इकडे कर्ण्यावरून निवेदक ओरडतोय, "आणि आता... जनरल टॅलमेज इशारा देणार... आता... कुठल्याही क्षणी..." आणि माझा हात उठेना! सेनापतीला काय, नुसतं बोट दाखवायचं असतं... अहो, आयुष्यभर वर्गात उभा राहून मी सेनापतींना गुण वाटत आलो. मॅक्लेलन? कच खाल्ली, नापास! ग्रँट? पुढे सरकला, शाबास! अन् तोच ग्रँट एका फसलेल्या हल्ल्याची हळहळ जन्मभर बाळगून होता, हे मी परीक्षेपुरतं सांगून पुढे जायचो. घोड्यावर बसल्यावर पहिल्यांदा मनात आलं, या सेनापतींना समोर काय दिसत असेल? नुसती पलटण? की पलटणीतला एकेक हार्लन, आणि त्याच्यामागे घरी एकेक नेटी? दिसत असेल तर बोट उठतं कसं? आणि दिसत नसेल तर अशा माणसाचा पुतळा कशाला? बरं, जो थांबला तो दयाळू, असंही म्हणवत नाही. थांबल्यानं युद्ध लांबलं, त्यात मेले त्यांचं काय? तेवढ्यात टेकडीवरून आमचा दाताचा डॉक्टर, शत्रूचा कप्तान, हात हलवत ओरडला, "अहो, येताय ना? आम्ही केव्हाचे हरायला बसलोय!"

आणि माझ्या तोंडून हुकूम गेला. "पलटण... सावलीत चला!"

झालं! दरवर्षी जिंकलेली लढाई गाव पहिल्यांदा हरलं. प्रेक्षकांत एक आजी म्हणाली, "बरं झालं बाई, लिंबू सरबत तरी गार आहे तोवर प्यायला मिळेल." नेटीनं लांबून हात जोडले. हार्लननं झेंडा गुंडाळला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि पुढचं ऐका. परवा हार्लन एकटाच झेंडा घेऊन टेकडी चढला. गोळ्या जुन्या पत्र्याच्या डबीत घालून, म्हणजे नियम मोडायला नको! वर गेला, शीळ घालत खाली आला, काही म्हणता काही झालं नाही. मग मी चुकलो का? की डबी जवळ होती, ऊन कमी होतं, म्हणून निभावलं? नेटी म्हणते, "तुम्ही बरोबर केलंत." हार्लन म्हणतो... हार्लन बोलतच नाही हो.

समितीनं मात्र लगेच निर्णय घेतला. पुढच्या वर्षीचा टॅलमेज हार्लन. आणि झेंडा? अगाथाबाई म्हणाल्या, "झेंडा मर्विनकडे." मी म्हटलं, "अहो, माझे गुडघे!" नेटीनं हार्लनला विचारलं म्हणे, या म्हाताऱ्याला वर पाठवशील का? त्यानं क्षणभरही विचार केला नाही. नुसतं बोट दाखवलं.