राजाच्या जागी

आर्णीच्या बसस्थानकावर यवतमाळच्या गाडीची वाट पाहताना, माझ्या मागच्या बाकावरून एका वयस्क भावाचे आणि त्याच्या थोरल्या बहिणीचे बोलणे हलकेच कानी येत राहिले.

“कुंदाताई, हे पदक पाह्य. पह्यलं महायुद्ध संपलं तवा शांततेच्या खुशीत इंग्रजानं शाळेतल्या पोराइले वाटलं. अन् आपल्या आज्यानं त्याच्यावरच्या राजाचं तोंडच घासून टाकलं! स्वातंत्र्यसैनिकाइच्या फलकावर त्याचं नाव लागावं म्हणून अर्ज देऊन राह्यलो.”

“अवधूत, आजा तवा दहा वर्षाचा होता. घासलं त्याच्या मायनं.”

“पणजीनं? काहून?”

“तिचा मोठा पोरगा त्या लढाईतून वापस आलाच नाही. देवघरात त्याचा टाक बसवाले चांदी कुठून आणन ते? मंग पाट्यावर राजा घासला, अन् तिथं पोराले बसवलं. मरेपर्यंत हळदकुंकू वाह्यलं.”

“म्हणजे ते इंग्रजाच्या विरोधात होतं, का नव्हतं?”

“मले काय माहीत, बाप्पा!”

“मंग अर्जात लिहू काय?”

“ते मंग पाहू. तू त्याले प्यांटाच्या मागच्या खिशात घालून आणलं?”

गाडी लागली. पदक ओंजळीत धरून तो उभाच राहिला; ते कुठे ठेवावे, हे त्याला उमगत नव्हते.