गोकुळच्या गाडीतनं दौंडला

चेन काय खराब न्हाई हो ताई ह्या दप्तराची. हे बघा — मागं जाती, पुढं येती, लोण्यावाणी. तुम्ही कशासाठी आलाय ते सांगा. न्हाई, बसा की, बसू नका कोण म्हणतंय, पण वीस वर्षं मी ह्या शिरूरमधी दप्तरं आन् बॅगा शिवतोय, चांगली चेन घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला लगेच कळतं. कुणी पाठवलं तुम्हाला? शाळेनं? का गोकुळनं? — मग? सृष्टीची आई... हां, हां, गोकुळच्या शाळेच्या गाडीत येती ती सृष्टी. पुढच्या शिटावर बसती. आन् तुमच्या कानावर आलंय की बन्यामीननं आपली नात गाडीतनं काढली आन् तीन आठवडे झाले, रोज सायकलवर डबलशीट सोडतोय. मग? माझी नात, माझी सायकल. त्यात चौकशी कसली?

कारण काय आसणार? भांडण झालंय आमचं, बास. त्याचं-माझं. नातीचा, डायनाचा, त्यात काय संबंध न्हाई, गाडीचाबी न्हाई. तुम्हाला खोटं वाटतंय? तुम्ही तर वकिलावाणी बघताय माझ्याकडं. बरं, सांगतो. सगळं सांगतो, म्हंजी परत कुणाला पाठवू नका.

आम्ही दोघं तरुणपणी पोपटराव मास्तरांच्या बँडमधी व्हतो. मी क्लॅरिनेट, गोकुळ ड्रम. लग्नसराईत घरात म्हणून दिसायचो न्हाई. मग डीजे आले, बँड मोडला, मास्तर लेकाकडं दौंडला रेल्वे कॉलनीत राहायला गेले. मी हे दुकान टाकलं, गोकुळनं शेतात शेवंतीची फुलं लावली, पुढं शाळेची गाडी घेतली. तर ह्या डिसेंबरात मास्तरांचा फोन — पंचाहत्तरी झालीय, जुन्या वाजवणाऱ्यांचा कार्यक्रम ठेवलाय, उघड्या मैदानात, शनिवारी संध्याकाळी पाचला. 'बन्या, वाद्य घेऊन ये, दुसरीच धून तुझी.' एकट्यानं वाजवायची, ताई! वीस वर्षांनी! महिनाभर मी दुकान लवकर बंद करून फुंकत व्हतो, वरचे भाडेकरू भांडायला आले. आन् गोकुळला बोलावणं व्हतं ते नुसतं बघायला. ड्रमवाला मास्तरांना तिथंच मिळाला व्हता. हे ध्यानात ठेवा. मी तरी ठेवलं व्हतं.

गाडीचं तोच म्हणाला. 'पोरं दुपारी सोडली की माझ्याच गाडीनं जाऊ.' एकला निघायचं — निघालो कवा? अडीचला! का? तर गाडी मागं घेताना ह्याच माझ्या पायरीला घासली, पत्रा चाकाला लागाया लागला, मग तो ठोकून घ्या. बरं, म्हटलं. गावाबाहेर पडलो तर डाव्या अंगाला उसाची ट्रॉली उभी, एवढी मोठी, मागं लाल फडकं — आन् हा गडी तिला चाटून गेला. चर्रर्र करून मागच्या दारापतोर रेघ. मी म्हटलं, 'आरं, दिसत न्हाई का तुला?' सहज म्हणतो माणूस. तर त्यानं असं बघितलं माझ्याकडं, जसं काय मी शिवीच दिली. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली, ताई. हा मुद्दाम करतोय का काय?

न्हावऱ्याला सरळ पारगावच्या रस्त्याला लागायचं. चौकात पाटी हाय, आंधळ्याला — म्हंजी, कुणालाबी दिसंल अशी. मी डोळे मिटून बसलो व्हतो, मांडीवर बोटं, मनात धून. डोळे उघडतो तर तळेगाव ढमढेऱ्याजवळ आलेलो! म्हटलं, 'गोकुळ, आरं इकडं कुठं?' तर म्हणतो, 'पुढच्या ट्रकच्या मागं मागं आलो.' ट्रकच्या मागं? चाळीस वर्षं ह्या रस्त्यानं फिरलेला माणूस, आन् ट्रकच्या मागं? मी तवाच बोललो, 'तुला मला पोचवायचंच न्हाई.' तो म्हणाला, 'बन्या, येडा हायस का?' पण आवाज कसा, तर पकडलेल्या माणसाचा. मग वळवली गाडी. चार वाजून गेले व्हते.

चौफुल्याला चहाला थांबलो. थांबायला नको व्हतं, पण तो घामानं नुसता भिजला व्हता, डिसेंबरात. मी क्लॅरिनेटची पेटी उघडून बाकड्याच्या कडेला खाली ठेवली, तोंडाला लावायची पट्टी जरा ओली करावी म्हटलं. मी पट्टी तोंडात धरलेली, आन् हा चहाचा गलास घेऊन उठला — नीट, सरळ, पेटीवरच पाय. कडकन् आवाज झाला. क्लॅरिनेटचा तोंडाचा भाग चिरला, हा असा, उभा. माझ्या बापानं मिशनच्या कंपाउंडात माळीकाम करून घेऊन दिलं व्हतं ते वाद्य, ताई. मी काय बोललो ते तुमच्यासमोर बोलवत न्हाई. तो खाली बसून हातानं चाचपत व्हता, तुकडा कुठं पडला म्हणून — तुकडा त्याच्या गुडघ्याला लागून पडलेला! आन् हा दुसरीकडंच चाचपतोय. मी म्हटलं, नाटक करतोय.

पोचलो तवा सव्वासहा. मैदानात दिवे लागलेले, शेवटची धून चाललेली. माझं नाव दोनदा पुकारलं म्हणं. दोनदा! मी तसाच कडेला उभा, हातात चिरलेलं वाद्य, महिनाभर सराव केलेली बोटं. कार्यक्रम संपला, मास्तर स्टेजवरनं उतरले, काठी टेकत टेकत आले — पंचाहत्तर वर्षांचा माणूस, ताई — गोकुळच्या डाव्या अंगानं आले आन् त्याच्याकडं हात केला. आन् हा? ढिम्म! समोर बघत उभा. मास्तरांचा हात तसाच हवेत. मास्तर हसून म्हणाले, 'वाजवायला बोलावलं न्हाई म्हणून रागावलास व्हय रं?' बास. माझं डोकं फिरलं. भर मैदानात बोललो मी — 'जळतोस तू! पायरीपासनं दौंडपतोर जळत आलास! तुला न्हाई तर मलाबी वाजवू द्यायचं न्हाई!' लोकं बघाया लागली. गोकुळ पाण्याच्या टँकरमागं जाऊन बसला. मी गेलो मागनं, अजून बोलायचं राहिलं व्हतं माझं. तर हा रडतोय. साठीला आलेला गडी.

तर हे असं भांडण झालं. म्हणून नात काढली. झालं समाधान?

काय म्हणाला ते कशाला पाहिजे तुम्हाला? खाजगी व्हतं. तब्येतीचं व्हतं काय तरी. न्हाई, शुगर न्हाई. साठीत माणसाला काय न् काय व्हतंच. डॉक्टरनं सांगितलंय, औषध घालतोय तो रोज, दोन थेंब सकाळी, दोन — कानात न्हाई हो. तुम्ही शब्दाला शब्द काढताय माझ्या तोंडातनं. मास्तरांचा हात त्याला दिसलाच न्हाई, म्हणाला. राग न्हाई का काय न्हाई. समोरचं चांगलं दिसतं, चांगलं म्हंजी, नळीतनं बघावं एवढं, पण कडेचं...

मी काय म्हणालो? मी काय बी म्हणालो न्हाई.

हे बघा ताई, ते काय आजचं न्हाई. काचबिंदू हळूहळू येतो. बारा वर्षं गाडी चालवतोय तो, एका पोराला खरचटलं न्हाई. शाळेचा रस्ता त्याच्या पायाखालचा हाय, खड्डा न् खड्डा पाठ हाय. दौंडची गोष्ट वेगळी, तो लांबचा रस्ता. आन् एप्रिलपतोर फक्त, म्हणाला. परीक्षा झाल्या की सोडतो, म्हणाला, तवर लेकीचं लग्न व्हतंय. माझे हात धरले व्हते त्यानं, ताई. तरुणपणी ज्याच्या शेजारी उभं राहून वाजवलं त्यानं हात धरल्यावर काय करायचं? तुम्ही काय केलं आसतं? सांगा ना.

व्हय, येताना मी एसटीनं आलो. त्याच्या गाडीत न्हाई बसलो. बरोबर हाय तुमचं. आन् सोमवारपासनं डायनाला काढली. हेबी बरोबर हाय. मधल्या रविवारी चर्चमधी गाणं सुरू झालं तसा मी बाहेर येऊन पायरीवर बसलो, शेजारच्याला वाटलं तब्येत बिघडलीय. बाकीची अकरा पोरं, व्हय. मला मोजता येतंय. रोज सकाळी गाडी ह्या दुकानापुढनं जाती, तवा मी मान खाली घालून शिवत बसतो. सुई टोचली दोनदा. मला वाटलं, आपण एक वाचवलं, बाकीच्यांना आपापले आईबाप हायेत. असं वाटतं माणसाला. वाटतं खरं.

काय? सृष्टी काय सांगती घरी? खेळ? गाडीत काका विचारतात, 'डावीकडं कोण हाय?' आन् ही सांगती — सायकल, म्हैस, म्हातारी... ज्याला आधी दिसंल त्याला लिमलेटची गोळी? देवा. हे मला ठाव नव्हतं. आईची शपथ, ताई, हे मला म्हाईत नव्हतं. म्हणून पुढं बसवतो व्हय तो तिला. सात वर्षांची पोर. काय, काल तिला ताप व्हता? मग आज पुढं कोण — आज ती गेलीय? ताप उतरला म्हणून पाठवली?

किती वाजले? साडेचारला सुटती शाळा. वीस मिनिटं हायेत. गोकुळला फोन नका करू, गाडीशी उभा आसला की तो उचलत न्हाई. शाळेत जावा सरळ, बाईंना सांगा, एकबी पोर त्या गाडीत बसू देऊ नका म्हणून. माझं नाव सांगा. न्हाई, बन्यामीननं सांगितलं म्हणूनच सांगा, तुम्हाला एकटीला खरं मानणार न्हाईत. गोकुळला जे वाटायचं ते वाटू द्या. माझ्या तोंडाकडं काय बघताय? उठा, ताई. स्कूटी काढा. जावा — जावा म्हणतोय न्हवं!