मामावर गेला

विषय : चिरंजीवांच्या अंगी असलेली कुस्ती पित्याकडून आली की मामाकडून, हे तपासून मिळणेबाबत. संदर्भ : आपल्याच प्रयोगशाळेचा गेल्या महिन्याचा अहवाल. — हो, हो, तोंडी सांगितलं तरी चाललं असतं, पण एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलंय मी, खिडकीपुढं नुसतं बोलायला कसंतरीच वाटतं — तर मॅडम, मुलगा माझा राष्ट्रीय संघात आहे, शहाऐंशी किलो. संघाच्या डॉक्टरांनी सगळ्यांची लाळ तुमच्याकडे पाठवली होती. त्याच्या अहवालात लिहिलंय — हे बघा, खालून तिसरी ओळ, पेन्सिलीची रेघ माझी — स्नायू झटक्यात आवळणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती उत्तम. दोन्ही! एक आईची, एक बापाची. म्हणजे एक माझी. हसा, हसा, माझे दंड बघून डॉक्टरही हसले होते.

मामा म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोनदा देशाचा विजेता. घरात त्याला सगळे पैलवान म्हणतात, मला 'अहो' म्हणतात. पोरगं जन्मलं चार किलोचं, सासूबाई म्हणाल्या, मामावर गेला. शाळेत दोघांना लोळवलं — मामावर गेला. गणितात नापास झाला तेव्हा मात्र सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले! आता येत्या शनिवारी त्याचा सत्कार आहे. स्मरणिकेत मामाचा अर्धं पान फोटो, ते मोडलेले कान वगैरे — लोक त्या कानांचेसुद्धा फोटो काढतात हो, माझे दोन्ही धड आहेत, कोणी बघत नाही — आणि खाली मुलाचंच वाक्य : 'रक्त मामाचं, शिस्त बाबांची.'

शिस्त! शिस्त काय, घड्याळाच्या गजरालाही असते. अकरा वर्षं पहाटे साडेचारला उठवलाय त्याला. सहा अंडी उकडायची, स्कूटर काढायची, तालमीच्या पायरीवर बसायचं — आत धूळ, मला दमा. वाचनालयाची तीन कपाटं त्या पायरीवर संपवली मी. रोजचं वजन वहीत माझ्या हातचं. ताप आला तर रात्रभर पट्ट्या. आणि मामा? वर्षातून दोनदा यायचा, पाठीत धपाटा घालायचा, अर्धा तास एखादी पकड दाखवायचा, जेवून जायचा. की झालं, मामावर गेला! बरं, फायनल पोरानं मारली ती कोणत्या पकडीवर — ते जाऊ द्या. ते अर्जात नाही.

काय म्हणता? एकाच जनुकावर कुस्ती नसते? शेकडो असतात? मग त्या शेकड्यांतली निम्मी माझी ना? — निम्मी! हे तुम्ही न तपासताच सांगताय? आणि ते झटक्याचं जनुक तर बाहेरच्या शिपायातही सापडेल? असू द्या. शिपायाचा मुलगा राष्ट्रीय संघात नाहीये. माझं म्हणणं एवढंच, की माझी लाळ घ्या आणि पैलवानाच्या शेजारी ठेवून बघा. समजा त्याच्यात ते नसलंच — असं होऊ शकतं ना? — तर शनिवारच्या आत स्मरणिकेत शुद्धिपत्र घालता येईल. दोन ओळींचं. मजकूर तयार आहे, खिशात.

पैलवान सोबत? छे, तो कशाला येतोय. त्याचा नमुना मी आणलाय की. हा. प्लास्टिकच्या पिशवीत — टूथब्रश आहे. मुक्कामाला आला होता गेल्या आठवड्यात. चोरला नाही हो! राहिला. म्हणजे, मी राहू दिला. सकाळभर शोधत होता बिचारा, कॉटखाली वाकून वाकून — दोनदा देशाचा विजेता! — मग मीच कोपऱ्यावरून नवा आणून दिला. भारीतला. तर म्हणाला, 'भावोजी, तुम्ही किती करता हो सगळ्यांचं.'

...

त्याच्या सहीशिवाय नाही? संमतिपत्र? — बरोबर आहे, तुमच्या जागी मीही घेतला नसता. सही तो देईल हो, तीच तर अडचण आहे. कागद वाचणार नाही, कशाला म्हणून विचारणार नाही, 'कुठं करू?' एवढंच म्हणेल. नुसता हरामखोर असता तर किती सोपं झालं असतं! असा स्वभाव कुठल्या जनुकात येतो, ते तपासता का तुम्ही? कारण पोरगाही तसाच आहे. स्मरणिकेतलं ते वाक्य मला खूश करायला म्हणून दिलं त्यानं. मला फोन करून वाचून दाखवलं.

द्या ती पिशवी इकडे. अर्ज राहू द्या. शेरा लिहा, मी सांगतो : संबंधिताच्या स्वाक्षरीअभावी प्रलंबित. शिक्का तिथं नाही, तारखेच्या खाली. हां. — बोलवा पुढच्याला.